कास्पारोव्ह आणि तेरा वर्षांचा कार्लसन, रेक्याविक २००४: एक प्यादं वर असूनही डाव बरोबरीत कसा गेला

तारीख १८ मार्च २००४, ठिकाण आइसलँडची राजधानी रेक्याविक, बुद्धिबळाच्या रॅपिड (कमी वेळाच्या डावांच्या) नॉकआउट स्पर्धेची पहिली फेरी. एका बाजूला गॅरी कास्पारोव्ह, रेटिंग (खेळाच्या ताकदीचा आकडा) २८३१, जगात पहिला नंबर, १९८५ ते २००० एवढी वर्षं वर्ल्ड चॅम्पियन राहिलेला माणूस. दुसऱ्या बाजूला मॅग्नस कार्लसन, वय १३, रेटिंग २४८४, तेव्हा ग्रँडमास्टर (बुद्धिबळातला सर्वोच्च किताब) सुद्धा झालेला नव्हता, ते पुढच्या महिन्यात दुबईत झालं. फेरी दोन डावांची, हरला तो घरी. आदल्या दिवशी याच स्पर्धेची जोड्या ठरवणारी ब्लिट्झ (काही मिनिटांच्या डावांची) फेरी झाली होती आणि त्यात या पोरानं माजी वर्ल्ड चॅम्पियन कार्पोव्हला हरवलं होतं, पण ब्लिट्झमध्ये असे धक्के बसतात असं म्हणून सोडून देता येतं. कास्पारोव्हसमोर पांढरी मोहरी घेऊन बसणं वेगळं.

हा डाव सांगताना लोक बहुतेक वेळा "पोरानं कास्पारोव्हला घाम फोडला" इथेच थांबतात आणि पुढे कार्लसन कोण झाला ते सांगून मोकळे होतात. मला तसं नको वाटतं. त्या दिवशी त्या पटावर भावी वर्ल्ड चॅम्पियन नव्हता, २४८४चा एक खेळाडू होता, आणि तसाच बघितला तरच या डावातून काही हाताला लागतं. ३४७ पॉइंटचा फरक पटावर नेमका कुठे दिसतो हा माझा प्रश्न आहे, आणि माझं उत्तर असं की तो ओपनिंगमध्ये दिसला नाही, डावपेचात दिसला नाही, तो दिसला ३१व्या खेळीनंतर, जेव्हा कमी रेटिंगवाला चक्क वरचढ होता.

आधी आकडा समजून घेऊ. एलो पद्धतीच्या, म्हणजे रेटिंग काढायच्या पद्धतीच्या, सूत्रात ३४७चा फरक टाकला की वरच्या खेळाडूला दर डावात साधारण ०.८८ गुण अपेक्षित असतात आणि खालच्याला ०.१२. म्हणजे असे आठ डाव खेळून खालच्यानं मिळून एक गुण काढला तरी तो आपल्या लायकीप्रमाणेच खेळला असं धरायचं. याचा दुसरा अर्थ असा की बरोबरी ही दोघांसाठी एकच गोष्ट नसते, कार्लसनला ती मोठी कमाई आणि कास्पारोव्हला जवळजवळ अर्धी हार. दोघांच्या डोक्यात ही गोष्ट असतेच, कुणी बोलून दाखवो न दाखवो, आणि खेळी निवडताना ती कुठेतरी हात धरते.

ओपनिंग होतं केंब्रिज स्प्रिंग्स, १९०४ साली अमेरिकेत त्या गावी झालेल्या स्पर्धेवरून नाव पडलेलं, म्हणजे बरोब्बर शंभर वर्षं जुनं. (घरांची नावं: उभ्या रांगा ए ते एच, आडव्या १ ते ८.) काळा वजीर लवकर ए५ला येतो, सी३च्या घोड्याला पिन करतो (म्हणजे तो हलला तर मागचं मोठं मोहरं माऱ्यात येतं) आणि आडव्या ओळीतून जी५च्या उंटाकडेही नजर ठेवतो, पांढऱ्यानं गाफील खेळी केली तर मोहरा जाऊ शकतो. कार्लसननं ७व्या खेळीला घोडा डी२ला नेला, जी इथली नेहमीची खेळी आहे, आणि घाबरून काही वेगळं केलं नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तगड्याशी गाठ पडली की आपल्यातले बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या खेळीपासूनच मारामारी टाळायला लागतात, मोहरी बदलत सुटतात, पोझिशन कोरडी करून टाकतात, आणि मग समोरचा त्या कोरड्या पोझिशनमध्ये चाळीस खेळ्या शांतपणे पिळून काढतो कारण तिथे त्याचंच ज्ञान जास्त असतं. कार्लसननं पोझिशन जिवंत ठेवली. १३व्या खेळीपर्यंत पांढऱ्याचं डी४चं प्यादं एकटं पडलेलं (शेजारी आधाराला आपलं प्यादं नाही) पण मोहरी मोकळी, दोन्ही उंट लांबवर बघतायत, हत्ती लवकरच ई१ला येणार. अशा पोझिशनमध्ये काळ्यानं नीट खेळलं तर पुढे ते एकटं प्यादं पकडता येतं, आणि नीट नाही खेळलं तर मार खावा लागतो.

आणि कास्पारोव्ह १७व्या खेळीला नीट नाही खेळला. डी७चा घोडा बी६ला नेला. दिसायला साधी खेळी, सी४च्या उंटावर हल्ला. पण डी७चा घोडा एफ६च्या घोड्याला आधार देत होता, तो आधार गेला. १८व्या खेळीला कार्लसननं लगेच एच४च्या उंटानं एफ६चा घोडा मारला. आता काळ्यानं जी प्याद्यानं उंट परत मारला तर राजापुढची भिंत फुटते, तेव्हा कास्पारोव्हनं त्याऐवजी सी४चा उंट मारला, एकास एक. पांढऱ्याचा उंट अजून एफ६वर लटकलेला.

इथे १९वी खेळी, घोडा सी३वरून ई४ला. ही एक खेळी जरा थांबून बघा, पट मांडून बघितली तर अजून बरं. घोडा ई४ला आला की तो डी६च्या उंटावर हल्ला करतो, हे एक. एफ६च्या उंटाला आधार देतो, हे दोन. आणि तो सी३वरून हलल्यामुळे सी२च्या वजिराची वाट मोकळी होऊन सी४चा काळा घोडा वजिराच्या तोंडात येतो, हे तीन. काळ्यानं आता जी प्याद्यानं उंट उचलला तर पांढरा वजीर सी४चा घोडा घेतो, मोहरी सारखीच राहतात, पण ई४चा घोडा डी६ आणि एफ६ दोन्हीवर टपून बसलेला असतो आणि काळा राजा उघडा. एका घोड्याच्या एका उडीत तीन कामं, आणि हे रॅपिडमध्ये, घड्याळ चालू असताना, समोर कास्पारोव्ह. अशा खेळीपुढे रेटिंगचा आकडा बघायचं कारणच उरत नाही.

पण कास्पारोव्हचं उत्तरही तितकंच भारी आहे आणि सांगणारे ते गाळतात म्हणून मुद्दाम सांगतो. उंट एच२ला शह! त्या उंटाला सी७च्या वजिराचा आधार, म्हणून राजा मारू शकत नाही, एच१ला जातो. मग घोडा सी४वरून डी६ला. आता वजिराची वाट घोड्यानं अडवली म्हणून राजा उंट मारू शकतो, मारतोही, पण तो एच२वर येताच घोडा डी६वरून ई४चा घोडा मारत बाजूला होतो आणि मागून वजिराचा शह लागतो. दोन मोहरी एकाच वेळी जात असताना त्यानं हिशोब बरोबर जुळवला, दोघांचे दोन-दोन मोहरे गेले, कुणी पुढे नाही. कार्लसननं २२व्या खेळीला उंट ई५ला आणून शह अडवला आणि तोच उंट वजिरावर हल्ला करतो, शिवाय ई४चा घोडाही सी२च्या वजिराच्या माऱ्यात, म्हणून काळ्या घोड्याला परत डी६ला यावं लागलं, आणि तिथे तो वजिरासमोर पिन झाला.

या देवाणघेवाणीत एक गोष्ट गुपचूप होऊन गेली. पांढऱ्याकडे उरला काळ्या घरांचा उंट, काळ्याकडे उरला पांढऱ्या घरांचा. विरुद्ध रंगांचे उंट. पुढचा सगळा डाव यावर फिरतो, पण २२व्या खेळीला तिकडे बघायला कुणाला फुरसत नव्हती.

२३वी खेळी वजीर सी५, पिन झालेल्या घोड्यावर दुसरा मारा. हत्ती डी८ला येऊन आधार देतो. २४वी खेळी प्यादं डी५! आणि हीपण सुरेख आहे, कारण सी६च्या प्याद्यानं ते मारलं तर सी फाईल, म्हणजे उभी रांग, उघडते आणि सी५चा पांढरा वजीर सरळ सी७चा वजीर घेऊन जातो, फुकटात. म्हणजे जे एकटं प्यादं पांढऱ्याचं दुखणं समजलं जातं तेच पुढे घुसलं आणि काळ्याला हात लावता येईना. वजीर डी७ला सरकला, घोडा बी३वरून डी४ला आला, काळा घोडा एफ५ला, मग डी प्याद्यानं सी६ मारलं, बी प्याद्यानं परत मारलं, आणि २७व्या खेळीला पांढऱ्या घोड्यानं सी६चं प्यादं खाल्लं. पाच प्यादी विरुद्ध चार. काळ्याचं ए५चं प्यादंही एकटं. जगातला पहिल्या नंबरचा खेळाडू एक प्यादं खाली आणि बदल्यात हातात काही नाही.

या डावाचं चित्रीकरण आहे, त्यात कास्पारोव्ह डोकं धरून विचार करतोय आणि कार्लसन उठून दुसऱ्या पटांवर काय चाललंय ते बघत फिरतोय असं दिसतं. लोकांना ते फार आवडतं. मला त्यातला कास्पारोव्ह जास्त बघावासा वाटतो, कारण पुढच्या पंचवीस खेळ्या त्यानंच वाचवल्या.

आता ३१व्या खेळीचा क्षण. त्याआधी घोडे डी४वर बदलले गेले, पांढरा वजीर डी४ला, त्याच्या पुढे ई५ला उंट, दोघं मिळून थेट जी७वर, म्हणजे काळ्या राजापुढच्या प्याद्यावरच मारा. काळा वजीर ई६ला, काळा उंट बी७ला. इथे काळ्यानं नुसता बचाव केला असता तर पांढऱ्यानं गळा आवळत नेला असता असं मला वाटतं. कास्पारोव्हनं वजीर जी६ला आणला. त्या एका घरावरून जी७चा बचावही होतो आणि बी७च्या उंटाच्या मदतीनं जी२वर मात द्यायची उलटी धमकीही बसते. बचाव आणि हल्ला एकाच खेळीत. बारा खेळ्या मार खाल्ल्यावर अशी खेळी सापडणं, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती शोधत राहण्याएवढा दम शिल्लक असणं, माझ्या मते रेटिंगचा फरक सगळ्यात आधी इथे दिसतो. समोरच्याला आता ठरवावं लागतं, आणि जिंकत असलेल्या कमी अनुभवी खेळाडूला ठरवायला लावणं हेच खालच्या पोझिशनमधल्या माणसाचं खरं काम.

कार्लसननं ३२व्या खेळीला वजीर जी४ला नेला, बदला म्हणून. वजीर बदलले गेले, एच प्यादं जी४वर आलं. धमकी गेली, राजा सुरक्षित, प्यादं अजून वरच. आपण सगळे हेच शिकलोय ना, प्यादं वर असेल तर मोहरी बदला आणि एंडगेम जिंका. नियम खरा आहे, दहापैकी आठ वेळा कामाला येतो. पण विरुद्ध रंगाचे उंट असले की तो उलटा होतो. कारण सोपं आहे, पांढऱ्याचा उंट फक्त काळ्या घरांवर चालतो, तेव्हा काळ्यानं आपला बचाव पांढऱ्या घरांवर मांडला की त्या उंटाला तिथे काहीच करता येत नाही, जणू तो पटावर नाहीच. उलट वजीर पटावर असतील तेव्हा हाच फरक हल्ला करणाऱ्याच्या बाजूनं काम करतो, कारण बचाव करणाऱ्याचा उंट माऱ्याच्या घरांवर येऊच शकत नाही.

दुसरा पर्याय होता का? माझ्या मते होता, ३२व्या खेळीला उंट जी३. उंट जी फाईल अडवतो, जी२ची मात थांबते, वजीर राहतात, प्यादंही राहतं. याची किंमतही आहे, उंट जी७वरची नजर सोडतो आणि पांढऱ्याचा हल्ला थंड पडतो, शिवाय बी७च्या उंटाचा कर्ण तसाच धगधगत राहतो, एक चूक आणि पांढराच मात खाणार. जी३ला उंटाऐवजी प्यादं नेलं तर तो कर्ण सताड उघडा पडतो, ते मला पटत नाही. म्हणजे निवड होती ती थोडी जोखीम घेऊन दाब ठेवायचा की सुरक्षित होऊन एंडगेमला जायचं. ज्याला बरोबरीसुद्धा मोठी कमाई आहे तो दुसरी वाट धरणार, यात त्याला दोष द्यावासा मला अजिबात वाटत नाही, अशा निवडीमागे फक्त पटावरचं नाही तर ते ०.१२ आणि ०.८८ सुद्धा काम करतं एवढंच म्हणायचंय.

पुढचं कास्पारोव्हनं कसं केलं ते बघण्यासारखं आहे. ३३व्या खेळीला उंट सी६, ए४च्या प्याद्यावर. पांढऱ्याला बी३ खेळावं लागलं. मग हत्तींची एक जोडी बदलली, ३६व्या खेळीला उंट डी५, आता बी३वर. हत्ती बी१ला बांधला गेला. म्हणजे काळा उंट एकेका खेळीत एकेक प्यादं धरतो आणि पांढऱ्याचं एकेक मोहरं राखणीला बसवतो. शेवटी बी प्यादं पुढे ढकलून बदलून टाकण्याखेरीज वाट राहिली नाही, ३९वी खेळी बी४, मारामारी झाली, पांढऱ्याकडे ए फाईलचं मोकळं प्यादं (ज्याला अडवायला समोर शत्रूचं प्यादं नाही असं) उरलं. मोकळं प्यादं ऐकायला छान वाटतं. ४०व्या खेळीला काळा उंट सी४ला आला, पांढऱ्यानं ए५ ढकललं आणि उंट जाऊन ए६ला बसला. ए६ पांढरं घर. पांढऱ्याचा उंट तिथे कधीच पोचणार नाही. राजानं यायचं तर लांबून यावं लागतं आणि तोवर काळा हत्ती रिकामा आहेच. एक प्यादं वर, पण ते प्यादं जागचं हलत नाही.

त्यानंतर ४३व्या खेळीचं एच५. खाली असलेल्या बाजूनं प्यादी कमी करत जायची हा जुना धडा, प्यादीच नाही उरली तर जिंकायचं कशानं. जी प्याद्यानं ते मारलं, राजानं परत मारलं, आता तीन प्यादी विरुद्ध दोन. काळा हत्ती बी२ला, मग ए२ला, मोकळ्या प्याद्याच्या पाठीमागे. कार्लसननं प्रयत्न सोडले नाहीत, हत्ती सी७ला शह देऊन सी६ला आणला, म्हणजे बी६चा उंट हलला की ए६चा उंट माऱ्यात यावा. कास्पारोव्हनं उंट लगेच एफ१ला काढला, जी२वर. पांढरा उंट एफ२ला आला आणि तिथे, ५२व्या खेळीला, बरोबरी.

१७व्या ते २७व्या खेळीपर्यंत २४८४वाला २८३१वाल्यापेक्षा चांगला खेळला, यात शंका घ्यायला जागा नाही, खेळ्या समोर आहेत. २८व्या ते ५२व्या खेळीपर्यंत चित्र उलटं. आणि गंमत म्हणजे दुसऱ्या भागात एकही चमकदार खेळी नाही, जी६चा वजीर सोडला तर. सगळं बारीक काम आहे, कुठलं घर कुठल्या रंगाचं, कुणाला राखणीला बसवायचं, कुठलं प्यादं बदलायचं. डावपेच लहान वयात झपाट्यानं येतात, तिथे तेरा वर्षांचा मुलगा कुणालाही गाठू शकतो. हे बारीक काम हजारो डावांतून येतं, आणि ३४७मधले बहुतेक पॉइंट तिथे दडलेले असतात असं माझं ठाम मत आहे. म्हणून क्लबातल्या पोरांना कॉम्बिनेशनचे कोडे सोडवायला देताना त्याच्या जोडीला अशा एक-प्यादं-वरच्या पोझिशन दोन्ही बाजूंनी खेळायला द्याव्यात असं मला मनापासून वाटतं, आणि खालच्या बाजूनं जास्त वेळा.

दुसऱ्या डावात कास्पारोव्हकडे पांढरी मोहरी होती आणि तो जिंकला, फेरी दीड विरुद्ध अर्धा अशी संपली, कार्लसन बाहेर. सूत्रानं त्याला दोन डावांत मिळून ०.२४ दिले होते, त्यानं ०.५ घेतले, म्हणजे हरूनसुद्धा अपेक्षेच्या दुप्पट.

ज्यांना हे स्वतः तपासून बघायचंय त्यांनी ३१व्या खेळीनंतरची पोझिशन मांडावी. पांढरे: राजा एच२, वजीर डी४, हत्ती डी१ आणि ई१, उंट ई५, प्यादी ए४, बी२, एफ२, जी२, एच३. काळे: राजा जी८, वजीर जी६, हत्ती ए८ आणि ई८, उंट बी७, प्यादी ए५, एफ७, जी७, एच६. खेळी पांढऱ्याची. आपल्यापेक्षा दोन-तीनशे पॉइंट वरच्या कुणाला तरी काळी बाजू द्या, तुम्ही उंट जी३नं सुरुवात करा आणि इंजिन लावायच्या आधी किमान तीन डाव खेळा.